वाचकाला मग, चित्रकाराला शाबासकी

दिवाळी तोंडावर आली की प्रत्येक घरात एक अवघड माणूस सापडतो. त्याला सोनपापडी नको, शर्ट नको, सुकामेव्याच्या डब्याकडे तर तो ढुंकूनही बघत नाही. कारण तो वाचतो. किंवा ती चित्रं काढते. 'यांना द्यायचं तरी काय?' म्हणून घरात बैठक बसते. वाचणाऱ्याला वाचायला काहीतरी द्यावं, हे त्या बैठकीत कुणालाच सुचत नाही.

सुचतो तो कॉफीचा मग. त्यावर 'बुकवर्म'.

मगाच्या मागोमाग पुस्तकाचं चित्र छापलेली उशी येते. मग 'वाचाल तर वाचाल' लिहिलेली कापडी पिशवी. हल्ली तर जुन्या पुस्तकांचा वास येणारी मेणबत्तीही मिळते. वासच हवा असेल तर माळ्यावर ज्ञानकोशाचे खंड पडलेत, तो वास फुकट आहे. आणि कागदाच्या ढिगाशेजारी मेणबत्ती पेटवा असं सुचवणारा माणूस स्वतः किती वाचत असेल?

पुस्तकात घालायच्या खुणांचं तर पीकच आलंय. पितळेची, लाकडाची, गोंडेवाली, मोराच्या आकाराची. वाचणाऱ्याला खूण लागते, कबूल. पण त्याचं काम एसटीच्या तिकिटावर, औषधाच्या चिठ्ठीवर, वेळ पडली तर लाइटबिलावर भागतं. पितळी मोर आत ठेवला तर पुस्तक मिटत नाही आणि बाहेर काढला तर पान सापडत नाही.

मोर शोकेसमध्ये जातो. पुस्तकात लाइटबिल परत येतं.

लिहिणाऱ्याला काय देतात? डायरी. चामडी बांधणी, हातकागद, कडी-कोयंडा लावलेली. इतकी देखणी की पहिल्या पानावर काही खरडायला हात धजत नाही. लिहिणारी माणसं पाठकोऱ्या कागदावर लिहितात, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतं. तरी दरवर्षी एक डायरी. जाता जाता सांगतो, छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे आणि कोऱ्या डायरीवर 18 टक्के. सरकारचं एरवी काय चुकत असेल ते असो, इथं दंड बरोबर जागी बसलाय.

डायरीसोबत पेन. मखमली खोक्यात, जोडीनं. त्याची रिफिल गावातल्या एकाही दुकानात मिळत नाही, म्हणून ते खोकं पुढच्या मुंजीत, तिथून पुढच्या निवृत्ती समारंभात जातं. ही पेनं महाराष्ट्रभर फिरलीत. त्यांनी लिहिलेली एक ओळ अजून कुणी पाहिलेली नाही.

आता या सगळ्या सामानाकडे नीट बघा. त्यात वाचण्यासारखं काय आहे? मगावरचं एक वाक्य. बाजारानं ओळखलंय की पुस्तक विकण्यापेक्षा वाचक म्हणून मिरवण्याचं सामान विकणं सोपं. पुस्तक वाचावं लागतं, मग नुसता धुवावा लागतो.

पण मग पुस्तक देणारे कमी आहेत का? छे! 'बुके नको, बुक द्या' असं प्रत्येक पुढारी वाढदिवसाच्या फलकावर छापतो. पुस्तकांचा ढीग पडतो, ढिगासोबत फोटो निघतो. त्या ढिगाचं पुढं काय होतं, यावर एखादं पुस्तक यायला हवं.

समारंभातही हीच तऱ्हा. पाहुण्याला शाल, श्रीफळ आणि संयोजकाच्या मेव्हण्याचा कवितासंग्रह. नारळ आमटीत जातो, शाल कुणीतरी पांघरतं. कवितासंग्रह पुढच्या समारंभाच्या पाहुण्याला.

घरात पुस्तक द्यायचं ठरलंच, तर सगळ्यांना एकदम 'मृत्युंजय' आठवतं. थोर पुस्तक, वादच नाही. 1967 पासून खपतंय. म्हणूनच ज्याला वाचायचं वेड आहे त्याच्याकडे ते आधीपासून असणार, एवढं साधं गणित करायला काय हरकत आहे? तीच गत 'श्यामची आई'ची. 1935चं पुस्तक. अट्टल वाचकाच्या कपाटात श्यामच्या तीन-तीन आया सापडतात.

तिसरा प्रकार जरा विखारी. पुतण्याला 'यशाची गुरुकिल्ली', जावयाला 'श्रीमंतीची सूत्रं', सुनेला 'रागावर विजय'. वर पानावर सुवाच्य अक्षरात 'सप्रेम'. ही भेट म्हणायची की टोमणा?

आणि दरवर्षी न चुकता व्हॉट्सअ‍ॅपवर आइसलँड येतं. तिथले लोक नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तकं देतात आणि रात्रभर वाचत बसतात म्हणे. 'बघा, नाहीतर आपण!' असा उसासा टाकून मराठी माणूस तो मेसेज सात गटांत पुढं ढकलतो. त्यांची ती प्रथा रुजली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. बाकी मालावर बंधनं होती, कागदावर कमी होती, म्हणून पुस्तकं भेट द्यायला लागले. आपल्याकडे काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो 1909 साली.

म्हणजे उसासा कुणी टाकायचा?

शंभर वर्षांहून जास्त काळ या राज्यात सणासाठी म्हणून मुद्दाम वाचायला छापतात. कथा, कविता, व्यंगचित्रं, परिसंवाद आणि बाराही राशींचं भविष्य, सगळं एका वेष्टनात. पुस्तकवेड्याला द्यायची तयार भेट आणखी कशी असते? तरी आपण पितळी मोर शोधत फिरतो.

कारण विचारा. 'अंक फार महाग झाले हो.' हे वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात त्या क्षणी हजार रुपयांचा सुकामेवा असतो. त्यातले मनुके मार्चपर्यंत कुणी खात नाही.

दिवाळी अंक विकत घ्यायचा नसतो, शेजाऱ्याकडून मागून आणायचा असतो, ही आपली खरी परंपरा. शेजारी तो वाचनालयातून आणतो. वाचनालयात तो नोंदणीच्या रांगेत सतरावा असतो. हातात येतो तेव्हा शिमगा जवळ आलेला असतो आणि शब्दकोडं कुणीतरी पेनानं सोडवलेलं असतं.

चुकीचं.

बरं, अंकांत निवड नाही असंही नाही. हसणाऱ्याला 'आवाज' द्या. त्यातलं खिडकीचित्र अजून लोकांना पुरतं: पानाला चौकोनी भोक, भोकातून दिसणारा प्रकार भलताच, कान तापवणारा. पान उलटलं की कळतं, तो गृहस्थ नुसता पंप मारत होता. रहस्यकथावाल्याला 'धनंजय', विचार करणाऱ्याला 'साधना'. घरात दहा-बारा वर्षांचं वाचणारं पोर असेल तर बालभारतीचा 'किशोर' 1971 पासून निघतोय आणि वर्षभराची वर्गणी एका पिझ्झाच्या आसपास पडते. पिझ्झा अर्ध्या तासात येतो. 'किशोर' दर महिन्याला येतो.

अंक घरात आला तरी तो वाचतं कोण, हा पुढचा प्रश्न. वाचणाऱ्या बाईला हौसेनं चार अंक आणून द्यायचे आणि चकल्या तळायलाही तिलाच बसवायचं. ती अंक उघडते भाऊबीज आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, भांडी विसळल्यावर. तोवर डोळे मिटायला लागलेले असतात. तिला अंकासोबत एक दुपारही द्या. झारा तुम्ही धरा.

चकल्या बिघडतील. बिघडू देत.

आता चित्रकारांकडे वळू. त्यांचे हाल जरा रंगीत आहेत. चित्रं काढणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला मावशी अजून 12 खडूंची पेटी आणते. सुशिक्षित मंडळी मंडलं रंगवायची वही आणतात. दुसऱ्यानं आखलेल्या रेघांत रंग भरायची वही, तीही चित्रकाराला. गवयाला कराओकेचं यंत्र द्यावं तसं.

काय द्यावं, हे त्याला विचारलं तर तो सांगेल. विचारत कुणी नाही. जलरंगात काम करणाऱ्याचा जीव कागदात अडकलेला असतो. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पाणी पडलं की तो फुगतो, रंग खड्ड्यात साठतो, चित्र गेलं. 300 जीएसएमचा सुती कागद पाणी पिऊन सपाट राहतो. पण तो महाग. म्हणून चित्रकार दोन ताव घेतो आणि 'एखाद्या चांगल्या चित्रासाठी' कपाटावर ठेवून देतो. चांगलं चित्र तोवर वाईट कागदावर काढून झालेलं असतं. त्याला दहा ताव द्या. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासून कागद बनवतेय. ब्रश देणार असाल तर नंबर विचारून घ्या. दहा ब्रशांचा स्वस्त संच देऊ नका. त्याचे केस ब्रशात कमी आणि चित्रात जास्त निघतात.

आणि कृपा करून 'तुझं एखादं चित्र दे ना, हॉलमध्ये लावू' म्हणू नका. तीस हजारांचा सोफा घेतलात, त्यावरच्या भिंतीसाठी चित्र मात्र फुकट? ते मिळालं की फ्रेमवाल्याकडे जाता. काचेचे, लाकडाचे, हुकांचे पैसे रोख मोजता. चौकटीच्या मालकाला दोन हजार, चौकटीतल्या चित्राच्या मालकाला शाबासकी.

लेखकाचं दुखणं वेगळं नाही. 'पुस्तक आलं म्हणे! अभिनंदन! एक प्रत द्या की.' लोकांना वाटतं, लेखकाच्या घरी प्रतींची विहीर असते. प्रकाशक मोजक्या प्रती देतो, पुढच्या त्याला सवलतीत विकत घ्याव्या लागतात. हिशेबच करू. समजा पुस्तक 300 रुपयांचं आणि मानधन 10 टक्के, म्हणजे प्रतीमागे 30 रुपये. सवलतीत 200 रुपयांना घेतलेली प्रत त्यानं तुम्हाला 'सप्रेम भेट' दिली, तर तो खड्डा भरायला आणखी सात जणांनी पुस्तक विकत घ्यायला हवं.

ते सातही जण प्रत मागायला तुमच्यामागे उभे असतात.

तेव्हा लेखकाला काय द्यायचं, याचं उत्तर दुकानाच्या काउंटरवर आहे. त्याची दोन पुस्तकं पूर्ण किमतीला घ्या, एक तुम्ही ठेवा, एक कुणाला तरी द्या. शक्य असेल तर वाचाही. वाचून दोन ओळी कळवल्यात तर लेखक ते वर्षभर चारचौघांत सांगत फिरेल. 'कव्हर छान आहे' हे मात्र कळवू नका. त्याला लगेच समजतं.

भेट बाहेरगावी पाठवायची असेल तर कुरिअरचं कारणही आता उरलेलं नाही. टपाल खात्यानं 1 मे 2025पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. सुरुवातीचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. गडचिरोलीतल्या भाचीला पाच किलो पुस्तकं पाठवायला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात शहरात एक कोल्ड कॉफीही येत नाही.

वस्तू द्यायचीच असेल तर वाचकाच्या घरात एकदा नजर टाका. पुस्तकं पलंगाखाली, फ्रिजवर, शिलाई मशिनवर, खिडकीत. त्याच्याकडे पुस्तकांची टंचाई कधीच नव्हती, जागेची आहे. सुतार पाठवा आणि भिंतीला दोन फळ्या मारून द्या. नाही तर वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं आहे, अशी वाचनालयं गावोगाव सभासदांची वाट बघत बसलीत. तिथं वाढदिवसाची भाषणं करायला जाणारे पुष्कळ, वर्गणी भरणारे थोडे.

खर्चाची तयारी जास्त असेल तर भिलार आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे गाव 2017मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली, हवं ते उचला, ओसरीवर बसून वाचा. बहुतेक लोक काय करतात? पाटीसोबत फोटो काढतात आणि स्ट्रॉबेरी घेऊन परततात. तुमच्या पुस्तकवेड्याला दोन दिवस तिथं नेऊन सोडा. पॉइंट तुम्ही बघा.

सगळ्यात स्वस्त भेट शेवटी सांगतो. तिला वेष्टन लागत नाही, रांग लागत नाही, सवलतीची वाट बघावी लागत नाही. त्याच्याकडून नेलेलं पुस्तक तुमच्या घरात आहे. 'दोन दिवसांत देतो' म्हणाला होतात. तो विसरलाय असं तुम्हाला वाटतंय. वाचणारा माणूस लग्नाची तारीख विसरतो, पुस्तक कुणी नेलं हे विसरत नाही. भिडेपोटी तो बोलत नाही, इतकंच.

हिशेब सरळ आहे. वाचणाऱ्याला वाचायला द्या, चित्र काढणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे द्या. तेवढं जमत नसेल, तर गेल्या वर्षी नेलेला दिवाळी अंक तरी परत करा. शब्दकोडं खोडून.