वाटीभर शिंपले

जेवताना दाताखाली खडा आला की घरात क्षणभर सगळे गप्प होतात. मग तांदूळ कुणी निवडले याची चौकशी सुरू होते आणि ती बहुधा न जेवलेल्या माणसापाशी येऊन थांबते. माणसांचा असा पंचनामा चालू असताना मागल्या दारी कोंबड्या माती उकरून नेमका तसलाच खडा शोधत असतात. सुपात तांदूळ निवडले जात तेव्हा बाजूला काढलेले खडे अंगणात भिरकावले जायचे आणि कोंबड्यांना त्यांचा वाटा घरपोच मिळायचा. आता तांदूळ पिशवीत चकचकीत होऊन येतो. आपल्या दाढांचं भलं झालं, कोंबड्यांच्या पोटावर मात्र पाय आला.

कोंबडीला दात नाहीत आणि दाणा तर ती अख्खा गिळते. गळ्याखालच्या पिशवीत तो भिजतो, पुढे पाचक रस अंगावर घेतो आणि मग पेठ्यात जातो. कलेजी-पेठा आवडीने खाणाऱ्यांना ही जाड, चिवट वस्तू ओळखीची असते. गावठी कोंबडीचा पेठा घरी चिरला असेल तर आत काय काय निघतं हेही ठाऊक असतं: बारीक खडे, वाळू, एखादा काचेचा गुळगुळीत झालेला तुकडा, कधी शर्टाचं बटणसुद्धा. हीच तिची कवळी. पेठ्याचे स्नायू आवळले की खड्यांच्या मध्ये दाणा भरडला जातो. कवळी झिजून पुढे निघून गेली की चार नवे खडे टिपायचे, दंतवैद्याची पायरी चढायची गरज नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला हे खडे कुणी द्यावे लागत नाहीत. पिंजऱ्यात भरडलेलं खाद्य खाणारीला त्यांची फारशी गरजही नसते. पण जिला बंद खुराड्यात अख्खी ज्वारी-बाजरी घालता, तिला पोटातल्या आम्लाला दाद न देणारी काळ्या दगडाची बारीक खडी द्यायलाच हवी.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. पण शिंपल्याचे तुकडे टाकले की खडीचंही काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. ते होत नाही. शिंपला आम्लात विरघळतो, म्हणजे कवळी म्हणून तो निरुपयोगी. त्याचं काम टरफलाचं.

टरफलाचा हिशेब मांडला तर कोंबडीबद्दलचा आदर वाढतो. एका अंड्याचं टरफल पाच-सहा ग्रॅमचं, जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यात दोन ग्रॅमच्या वर निव्वळ कॅल्शियम. तिच्या साऱ्या हाडांत मिळून ते असतं साधारण 20 ग्रॅम. वर्षाला 300 अंडी देणारी लेयर कोंबडी स्वतःच्या सांगाड्यातल्या कॅल्शियमच्या तीसपट कॅल्शियम अंड्यांवाटे देऊन मोकळी होते. तिची रानातली पूर्वज पिल्लांपुरती मोजकीच अंडी घालून रवणीला बसायची. रोजच्या ऑम्लेटची कल्पना आपली, भुर्दंड कोंबडीला.

या हिशेबाने भले भले चकले आहेत. फ्रान्सच्या वोकेलां या रसायनशास्त्रज्ञाने 1799 मध्ये एका कोंबडीला नुसते ओट खायला घालून आत गेलेलं आणि बाहेर आलेलं कॅल्शियम मोजलं. बाहेर आलेलं जास्त भरलं. विसाव्या शतकात त्यांच्याच देशातल्या केर्व्हरान यांनी या प्रयोगाचा आधार घेत जाहीर केलं की कोंबडी पोटात एका मूलद्रव्याचं दुसरं करते, पोटॅशियमचं कॅल्शियम. म्हणजे अणुभट्टी खुराड्यातच! या शोधाला 1993 साली भौतिकशास्त्राचं पारितोषिकही मिळालं, फक्त ते नोबेल नव्हे, इग्नोबेल. खरा उलगडा साधा आहे. अंड्यावर येणारी मादी लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक खास साठा करते. खाण्यातून पुरेसं आलं नाही की त्यातून उचल होते. तो साठा आटला की हाडं ठिसूळ, मग पातळ टरफलं आणि शेवटी हाताला लिबलिबीत लागणारं, नुसत्या पापुद्र्यातलं अंडं. ते अंडं म्हणजे तिने पाठवलेली नोटीस समजावी.

नोटिशीआधी ती स्वतः खटपट करून पाहते. चुन्याचे पोपडे टोचते, भिंत उकरते. आमच्या शेजारच्या काकू एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, तुमच्या कोंबड्या आमची भिंत खातायत." तक्रार रास्त होती. कोकणात असं गाऱ्हाणं कमी ऐकू येत असेल, कारण तिथे कालवं-तिसऱ्या माणसांनी खाल्ल्या की शिंपल्या परसातच पडतात. घाटावर पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानातून शिंपल्याची पिशवी आणावी लागते.

मला सगळ्यात आवडते ती तिची वेळ. टरफल चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेचसे रात्रीचे. म्हणून कोंबडी शिंपले टिपते ते जास्त करून संध्याकाळी, खुराड्यात शिरण्याआधी. तेही जाडसर तुकडे हवेत. ते पेठ्यात रेंगाळून रात्रभर हळूहळू विरघळतात, पूड लवकर पुढे सरकते. मला डॉक्टरांनी लिहून दिलेली कॅल्शियमची गोळी सकाळी घ्यायची की रात्री हे चिठ्ठी पाहिल्याशिवाय आठवत नाही. तिला चिठ्ठी लागत नाही.

त्यामुळे शिंपले खाद्यात कालवू नयेत, वेगळ्या वाटीत ठेवावेत, या मताचा मी आहे. अंड्यावरची कोंबडी हवे तेवढे घेईल. कोंबड्याला आरवायला कॅल्शियम लागत नाही. पिल्लांना तर जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडाचा त्रास होतो, म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य त्यांच्यापुढे ठेवू नये. शिंपले मिळत नसतील तर घरातली अंड्यांची टरफलंही चालतात, मात्र वाळवून, बारीक चुरून. अर्ध्या वाटीसारखी तशीच टाकलीत तर तिला अंडं फोडून खायची चटक लागू शकते आणि ती सुटता सुटत नाही.

उन्हाळ्यात मात्र वाटीवर विसंबू नका. मे महिन्याच्या उकाड्यात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि टरफलातल्या कार्बोनेटला माल कमी पडतो. तेव्हा खुराड्यावर झावळ्या घाला, गार पाणी ठेवा. सावली नसेल तर शिंपले कितीही खाल्ले तरी टरफल पातळच येतं.