मस्कतच्या घड्याळातला नाताळ

माझ्या बालपणीच्या नाताळाचा एकमेव साक्षीदार भर कोर्टात उलटला. साक्षीदार म्हणजे मामाने मस्कतहून कॅमेरा आणला त्या वर्षीची, १९८९ची व्हीएचएस कॅसेट. कोर्ट म्हणजे आमचा वसईचा हॉल. न्यायाधीश म्हणजे माझी मुलगी. तिने पहिल्या वीस मिनिटांतच निकाल देऊन टाकला, "पप्पा, तू लिहितोस त्यातलं यात काहीच नाही."

मी लिहितो ते असं. गेली बारा वर्षं दर डिसेंबरात 'आमच्या वेळचा नाताळ' या विषयावर माझा लेख येतो. त्यात ठरलेल्या गोष्टी असतात: मी एकहाती केलेला येशूजन्माचा गोठा, मी गायलेलं नाताळगीत, घरभर दरवळणारा कुलकुलांचा वास, आईचं बोट धरून चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणं आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत'. रमेदीपासून नंदाखालपर्यंतची माणसं मला चर्चच्या आवारात गाठून "डोळ्यांत पाणी आणलंस" म्हणतात. मी विनयाने मान खाली घालतो आणि किती जणांच्या डोळ्यांत आणलं ते मनातल्या मनात मोजतो.

कॅसेट माळ्यावर होती. वसईच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढलेली. लावायला व्हीसीआर कुणाकडेच नाही. ते बनवणारी जपानमधली फुनाई ही शेवटची कंपनीसुद्धा २०१६ साली थांबली. शेवटी मुंबईतल्या एका गृहस्थाने फीत हाताने पुसून, जेवढं निघालं तेवढं पेनड्राइव्हवर घालून दिलं. तीन तासांतला एक तास चाळीस मिनिटं ऐवज वाचला. माझं गाणं बुरशीने खाल्लं असेल अशी मला भीती होती. खाल्लं नाही, हे ऐकल्यावर कळलं, आणि भीती का वाटायला नको होती तेही कळलं.

गोठ्यापुढे दहा वर्षांचा एक मुलगा उभा आहे. तेल चोपडलेले केस, अर्धा खोचलेला शर्ट, तोंडाला मैदा. तो छाती काढून सांगतो की हा गोठा मी केला. कॅसेटमध्ये सगळे आमच्या कादोडी बोलीत बोलतात आणि माझ्या मुलीला ती निम्मीच कळते, त्यामुळे भाषांतरात थोडी सफाई करायला मला वाव होता. पण शेजारी ताई बसली होती. तिने शब्दन्‌शब्द समजावून सांगितला. शिवाय कॅसेटमध्येही ताई मागे आहेच: पेंढा पसरते, गहू पेरून उगवलेल्या हिरवळीच्या ताटल्या मांडते, आरशाच्या तुकड्याचं तळं करते. माझं काम एकच. मी एक उंट उचलतो आणि तळ्याच्या मधोमध ठेवतो. ताई तो काढते. मी परत ठेवतो. असं तीनदा. एकहाती गोठ्यातला माझा हात एवढाच.

आता कुलकुलांविषयी. खरं तर इथे त्यांचं एवढं काम नाही, पण मामानेच पूर्ण चार मिनिटं त्यांना दिली आहेत. मस्कतच्या उन्हात कमावलेल्या पैशांतून झूम विकत घेतलाय, तर तो वापरला नाही की पैसे वाया, असं मामाचं गणित. त्यामुळे आमच्या कॅसेटमध्ये प्रत्येक वस्तू अंगावर धावून येते आणि दचकून मागे जाते. तांबड्या लुगड्यातली आजी एकदा इतकी जवळ येते की उरतो फक्त कानातला दागिना. पण कुलकुल समोर आले तेव्हा मामाचा हात स्थिर झाला, आणि ते योग्यच होतं.

कुलकुल हा खाण्याचा पदार्थ नाही, करण्याचा आहे. मैदा, अंडं, साखर, नारळाचं दूध. पीठ मळलं की सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर नाही तर नव्या कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्याने अशी वळवायची की शंखासारखी गुंडाळी होते, अंगावर दात्यांच्या रेषा. कंगवा कोरा हवा. तो नाताळासाठी यायचा आणि सण उरकला की धुऊन माझ्या डोक्याला लागायचा. जानेवारीभर माझ्या भांगाला नारळाचा वास. ताई काटेवाली, मी कंगवेवाला. आमच्यात यावरून पक्ष होते. आता हिशेब बघा. एक कुलकुल वळायला अर्धं मिनिट लागतं. खायला दोन सेकंद. आणि घराला, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना मिळून मोठे चार डबे लागायचे. या हिशेबावर आमचा नाताळ उभा होता. कॅसेटमध्ये मी एकूण सहा कुलकुल वळले आहेत. खाल्ले किती, ते मुलीने मोजायला घेतलं तेव्हा मी रिमोट काढून घेतला.

रिमोट हातात होता म्हणूनच कोपऱ्यातल्या पांढऱ्या आकड्यांकडे लक्ष गेलं. नवे कपडे घालून आम्ही सगळे मिस्सेला निघालो आहोत, आणि वेळ रात्री १०:०५. "एवढ्या लवकर?" मुलीने विचारलं. मग तिनेच उलगडा केला. मामाने घड्याळ बदललंच नव्हतं. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे तेव्हा वाजले होते ११:३५.

तेवढ्यात मामाच्या झूमला हुक्की येते. कॅमेरा आम्हा सगळ्यांना ओलांडून, दारातून आत, स्वयंपाकघरात घुसतो. कढईसमोर आई. पाठमोरी. घरातलंच लुगडं. एक घाणा निथळतोय, दुसरा तेलात. ११:३५ ला.

मी मागे गेलो. पूर्ण कॅसेटमध्ये आई नऊ वेळा दिसते, नऊही वेळा पाठमोरी. पुढचं दृश्य चर्चच्या आवारातलं, लोक एकमेकांना मिठ्या मारताहेत. माझं बोट कुणीतरी धरलंय. ताईने.

बारा वर्षं मी तो वास लिहीत होतो. तो येतो कुठून, हे एकदाही लिहिलं नव्हतं. माझ्या सगळ्या लेखांत बिचारी आई बोट देण्यापुरती आली, आणि ते बोटही तिचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला कॅसेट दाखवली. चौऱ्याहत्तर वर्षांची आई मला, गोठ्याला, आजीला ओलांडून थेट पडद्याजवळ गेली. "हे पितळेचं पातेलं बघ. कुणी नेलं ते? परत आलंच नाही."

"आई, तू त्या रात्री मिस्सेला आली नव्हतीस?"

"मी सकाळच्या मिस्सेला जायची."

"दर वर्षी?"

"मग तळण कोण उतरवणार?" तिने विचारलं आणि पुन्हा पातेल्याकडे बघायला लागली.

यंदाचा लेख मी पाठवला नाही. कंगवा आणला. चोवीस डिसेंबरला रात्री साडेनऊला गॅस बंद केला, भारतीय वेळेनुसार. एकच डबा भरला, त्यातले निम्मे कुलकुल उलगडलेले. आई मध्यरात्रीच्या मिस्सेला आली, पहिल्या बाकावर बसली आणि प्रवचन सुरू होताच झोपली.