पासबुक हरिविजयात

आमच्या आईचं पासबुक हरिविजयाच्या पोथीत असतं. पोथी लाल कापडात, कापड पिशवीत, पिशवी कपाटाच्या चोरकप्प्यात आणि चोरकप्प्याची किल्ली तिच्या कनवटीला. पासबुकात एंट्री करून आणायची असेल तर कामवाली गेली ना, पाहुणे नाहीत ना, हे बघून मगच पोथी सुटते. खातेनंबर म्हणजे तिच्या लेखी गुरुमंत्र. दुसऱ्याच्या कानावर पडला की संपलं. नागपूरचा मामा एकदा म्हणाला, "ताई, भाऊबीज थेट खात्यात टाकतो, नंबर सांग." ही म्हणाली, "असलं फोनवर सांगत नाहीत. तू समक्ष ये." तीन वर्षांच्या भाऊबिजा थकल्यात.

गंमत म्हणजे हाच नंबर ती दर तीन महिन्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना स्वतःच्या हाताने देते. मेंटेनन्सच्या चेकवर तो छापलेलाच असतो. शेजारी नाव, वर शाखा आणि आयएफएससी, तळाला नऊ आकडी एमआयसीआर, आणि या सगळ्यावर सही आपली आपणच करून देतो. मी हे तिला दाखवलं. ती बराच वेळ चेककडे बघत राहिली. तेव्हापासून ती चेक पाकिटात घालते आणि पाकिटाला तीन पिना मारते.

ओटीपीचं मात्र तिला काही नाही. सिलेंडरवाला खालून ओरडला, "आजी, नंबर!" की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आई आकडा एकेक सुटा करून, समोरच्या बिल्डिंगलाही लिहून घेता यावा अशा आवाजात सांगते. कुरिअरवाल्यालाही तसाच. कुठला ओटीपी ओरडायचा आणि कुठला गिळायचा, हे कुणी शिकवलेलंच नाही. बँक म्हणते कुणालाही सांगू नका आणि सिलेंडरवाला म्हणतो सांगितल्याशिवाय सिलेंडर देणार नाही. बिचाऱ्या म्हातारीने करायचं काय?

मी आईला हसायचो. मी शिकलेला माणूस. आयएफएससीची अकरा अक्षरं असतात आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं, 'ओ' कधीच नसतं, हे ज्ञान मी ऑफिसात मोफत वाटत असे. एनईएफटीबद्दलही माझं एक व्याख्यान तयार होतं. बरीच वर्षं त्यात नाव काहीही लिहा, पैसे नुसत्या आकड्यांवर जायचे. लिहिलं रमेश आणि एक आकडा चुकून सुरेशचा पडला, तर पैसे सुरेशला आणि बँकेच्या खेपा आपल्याला. मग रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ची मुदत घालून बँकांना सांगितलं, की पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय करा. हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

आमच्याकडे एक डायनिंग टेबल आहे. त्यावर आजवर कुणी जेवलेलं नाही. त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. ते विकायचं ठरलं, मी मोबाइलवर जाहिरात टाकली, किंमत ८,५०० लावली. दहा मिनिटांत फोन. समोर फौजी साहेब. नुकतीच बदली झालेली, घर लावायचंय. ओळखपत्राचा फोटोही आला. आणि हा माणूस घासाघीस करत नव्हता! डोंबिवलीत जुनं टेबल घ्यायला निघालेला माणूस घासाघीस करत नाही, इथेच खरं तर मी फोन ठेवायला हवा होता. पण मला वाटलं, देशसेवा करणारी माणसं वेगळी असतात.

साहेबांनी खात्री म्हणून आधी पाच रुपये पाठवले. आले. मग एक क्यूआर कोड पाठवला. "सर, स्कॅन कीजिए, पिन डालिए, पूरा पैसा आ जाएगा." मी स्कॅन केला. पडद्यावर 'पे' असं चांगलं ठळक लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. पण साहेब इतक्या आदबीने बोलत होते, की मध्येच त्यांना तोडणं बरं दिसलं नसतं. मी पिन टाकला. पाच रुपये आले होते, साडेआठ हजार गेले. साहेब म्हणाले, "सर, गलती से उल्टा हो गया, एक बार फिर कीजिए." दुसऱ्यांदा केलं नाही, एवढीच माझी अक्कल.

आणि मग मी आईसारखाच वागलो. लपवलं. पासबुक नाही, चोरी. बायकोला सांगितलं, गिऱ्हाईक फिरकलंच नाही. दीड दिवस छातीवर धोंडा घेऊन हिंडलो आणि मग जिन्यात उभं राहून हळू आवाजात सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी बारा आकडी यूटीआर नंबर घेतला, तक्रार नोंदवली आणि सहज विचारलं, "लगेच का नाही केलात फोन?" लगेच केला असता तर पैसे त्या खात्यातच अडवता आले असते. आता ते पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढे गेले होते. बँकेतल्या साहेबांनी एकच प्रश्न केला: "पिन तुम्हीच टाकलात ना?" रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमात चूक ग्राहकाची असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. प्रश्न त्यासाठी होता.

शेवटी घरात सांगावं लागलं. बायको काही बोलली नाही, हे जास्त वाईट. आई वाती वळत होती. म्हणाली, "अरे, देवळातल्या दानपेटीत पैसे टाकायला पुजाऱ्याकडे किल्ली मागतात का? पैसे आत जायला फट पुरते. किल्ली लागते ती काढायला."

मी म्हटलं, "मग आई, तुझा खातेनंबर म्हणजे ती फट. मामाला सांगायला काय हरकत आहे?"

"तुझ्या हातून साडेआठ हजार गेले, आणि तू मला शिकवतोस?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मामाला नंबर अजून मिळालेला नाही. उलट त्या दिवसापासून आईने सिलेंडरवाल्याला ओटीपी सांगणं बंद केलं आहे. परवा तो भरलेला सिलेंडर घेऊन परत गेला आणि दोन दिवस आम्ही इंडक्शनवर भात खाल्ला.

टेबल अजून विकायचं आहे. कुणाला हवं असेल तर प्रत्यक्ष या, बघा, पैसे रोख आणा. आणि कृपा करून थोडी घासाघीस करा.