मिस्तरी, तो शेवटचा झटका कशासाठी?



तुमचं नाव या पत्रात घेणार नाही. गॅरेज कुठल्या रस्त्यावर आहे तेही सांगणार नाही. बोल्टाला पाना लावल्यावर तुम्ही काय करता, एवढंच चारचौघांत बोलणार आहे. हे आपल्यालाच लिहिलंय असं ज्यांना ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. सेनगावपासून वसमतपर्यंत असे पुष्कळ जण निघतील.

तुम्ही माझ्या गाडीच्या एसीचं काम केलंत. कॉम्प्रेसरवर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळीचा जोड खोललात, परत बसवलात आणि गॅस भरलात. त्या जोडाला एकच बोल्ट असतो, सहा मिलीमीटर जाडीचा, करंगळीहून बारीक. तो बसला होता. पाना पुढे सरकत नव्हता. तरीही तुम्ही पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप अडकवलात, पाय रोवलेत आणि दात आवळून एक झटका दिलात. वर म्हणालात, "आता जिंदगीभर सुटत नाही." बोल्ट सुटला नाही, तुमचं खरं झालं. गॅस मात्र महिना सरायच्या आत निघून गेला.

तुमच्या दंडात ताकद आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती चिंचेच्या खोडावर वापरा, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर वापरा. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातल्या सहा मिलीमीटरच्या आट्यांवर ती काढायची गरज नव्हती. अशा बोल्टाला कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तिकेत साधारण १० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क दिलेला असतो. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून बघायचा. १० न्यूटन मीटर म्हणजे किती? १५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम ७ किलोचा जोर. तेवढाच जोर ६० सेंटीमीटरच्या पाइपाला लावला की बोल्टावर ४० न्यूटन मीटर पडतात, म्हणजे चौपट. आणि तुम्ही काही ७ किलोवर थांबला नव्हतात. तुमच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मी बघितल्या आहेत.

आता त्या जोडात काय घडतं ते ऐका. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मला वाईट वाटतं, आणि सांगूनही तुम्ही ऐकलं नसेल तर राग येतो. बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो. मूळ लांबीवर परत यायची त्याची जी ओढ असते, तीच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. मर्यादेत ताणलात तर तो वर्षानुवर्षं धरून ठेवतो. मर्यादा ओलांडलीत की एक तर तो कायमचा लांबतो आणि त्याची पकड ढिली पडते, नाहीतर समोरच्या मऊ धातूतले आटे उखडतात. शिवाय तुम्ही हाताला जो जोर जाणवून घेता, त्यातला सुमारे ९० टक्के बोल्टाच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच खर्च होतो. आवळायच्या कामी येतात ते उरलेले १० टक्के. आट्यांवर गंज असेल तर घर्षण वाढतं, तेल सांडलं असेल तर कमी होतं, आणि हाताला तेवढाच जोर लागूनही बोल्टावरचा ताण पार बदलतो. "माझा हातच सांगतो" असं तुम्ही म्हणालात ना, त्या हाताला यातलं काहीही कळू शकत नाही.

आणि गॅस बोल्ट अडवतच नाही हो. तो अडवते ती आतली ओ-रिंग. तिच्या खाचेची खोली कारखान्यातच ठरलेली असते. धातूची दोन तोंडं एकमेकांना टेकली की रिंग जेवढी दबायला हवी तेवढी दबलेली असते. त्यानंतर दिलेला पीळ रिंगेपर्यंत पोचतच नाही. तो जातो ठोकळ्याच्या कानात, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो त्या बाहेर आलेल्या भागात, आणि कान वाकवतो. कान वाकला की तोंड तिरपं होतं, रिंगेवर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब पडतो, आणि कमी दाबाच्या बाजूने गॅस निघायला लागतो. म्हणजे गळती थांबावी म्हणून तुम्ही जो झटका दिलात, त्यानेच गळती सुरू केली.

मी हे अंदाजाने लिहीत नाही. नंतर वसमतच्या एका कारागिराने माझ्यासमोर तो जोड खोलला. जोडाभोवती तेलकट धुळीचं कडं साचलं होतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गॅस जिथून जातो तिथे तेल उमटतं आणि आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ त्यावर बसते. त्याने आधी सर्किटमध्ये रंग सोडला होता. जांभळा दिवा धरल्याबरोबर जोडाची एकच कड हिरवी चमकली. बोल्ट बाहेर आला तो अंगावर ॲल्युमिनियमची बारीक चकाकती तार गुंडाळून. ते माझ्या गाडीचे आटे होते, मिस्तरी, तुमच्या पान्याने सोलून काढलेले. आत जुनीच ओ-रिंग होती, चपटी झालेली आणि कोरडी. नवी रिंग काही रुपयांची असते. ती एसीच्या गॅसला आणि तेलाला टिकणाऱ्या रबराची हवी, आणि बसवताना तिला एसीचंच तेल चोळावं लागतं. तुम्ही काही रुपये वाचवलेत, आणि ती कसर पाइप लावून भरून काढू पाहिलीत.

गंमत नव्हे, गुन्हा वाटावा अशी एक गोष्ट त्याच दिवशी आणखी सापडली. कॉम्प्रेसर इंजिनला धरून ठेवणारे मोठे बोल्ट, ज्यांना या नळीच्या बोल्टापेक्षा बराच जास्त टॉर्क लागतो, ते तुम्ही जेमतेम हाताने फिरवून सोडले होते. कॉम्प्रेसर हलत होता, पट्टा तिरपा धावत होता. लहानग्यावर सगळी मर्दुमकी आणि मोठ्यापाशी घाई!

गॅस गेल्यावर मी परत तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "साहेब, गॅस दर उन्हाळ्यात भरावाच लागतो." हे साफ खोटं आहे आणि अख्ख्या जिल्ह्यात ते खरं मानलं जातं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तो बंद नळीत फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, तेवढंच. महिन्याभरात गॅस संपला तर कुठेतरी भोक आहे किंवा जोड चुकला आहे. ते न शोधता परत गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून पैसे काढून हवेत सोडणं. आणि तो गॅसही साधा नाही. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. ओझोनला भोक पाडणाऱ्या आर-१२ वर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने बंधनं आली आणि त्याच्या जागी हा आला. ओझोनला तो इजा करत नाही, पण एक किलो आर-१३४ए वातावरणाला जवळपास १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. २०१६ मध्ये किगालीत असे गॅस कमी करण्याचं ठरलं आणि २०२१ मध्ये भारताने त्यावर मोहोर उठवली. मराठवाड्याच्या उन्हाबद्दल आपण सगळेच बोलतो. त्या उन्हात तुमच्या झटक्यानेही आपली भर घातली आहे.

व्हॅक्यूमबद्दलही सांगतो. तुमच्या कोपऱ्यात पंप होता, पण त्यावर पोती ठेवलेली होती. नळी खोलली की आत हवा शिरते आणि हवेबरोबर ओल. ३० अंशाला पाणी उकळायचं तर दाब वातावरणाच्या ४ टक्क्यांच्या आसपास उतरवावा लागतो. तेव्हा कुठे ओलीची वाफ होऊन ती बाहेर ओढली जाते. त्यासाठी पंप निदान अर्धा तास चालवायचा, मग बंद करून काटा जागेवर राहतो का ते बघायचं. काटा हलला असता तर तिरपा बसलेला जोड बहुधा तिथेच उघडा पडला असता. तुम्ही तेवढा वेळ दिला नाहीत.

याची किंमत कुणी मोजली ते आता ऐका. माझी आई डायलिसिसवर आहे. तिला आम्ही हिंगोलीहून नांदेडला नेतो. कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर असा तो रस्ता. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. तुम्हाआम्हाला तहान लागली तर बाटली तोंडाला लावता येते, तिला येत नाही. ऐन मे महिन्यात, दुपारच्या परतीच्या वाटेवर, सुया टोचून घेऊन थकलेली ती बाई मागच्या सीटवर ओला पंचा तोंडावर घेऊन पडलेली असायची. एसीच्या जाळीतून गरम वारा येत होता. "गार लागंना रे," एवढंच ती म्हणायची, तक्रार म्हणून नव्हे. गार हवा ही आमच्यासाठी चैन नव्हती, मिस्तरी. गाडी तुमच्या दारात आणली तेव्हाच मी तुम्हाला हे सांगितलं होतं आणि तुम्ही मान हलवली होती. माझा राग आहे तो त्या हललेल्या मानेवर.

"खेड्यापाड्यात एवढं बारीक कोण बघतंय" असं तुम्ही म्हणाल. याच जिल्ह्यात बघणार आहेत. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांना मान्यता दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात असतील. लांबीतला प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्शाइतका फरक टिपायचा म्हणून त्या नळ्यांत वातावरणाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतकाच दाब ठेवावा लागतो. अशा निर्वात यंत्रांतल्या जोडांचे बोल्ट कसे आवळतात माहीत आहे? एक आवळला की समोरचा, मग शेजारचा, मग त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे, फेऱ्या करत, ठरल्या आकड्यापर्यंत. तुमच्या गॅरेजपासून औंढा काही लांब नाही. त्या कामाला उद्या या जिल्ह्यातली पोरं हवी असतील, तर ती कुणाच्या हाताखाली तयार होणार?

म्हणून मला तुमच्यापेक्षा तुमच्या त्या पोऱ्याची काळजी जास्त वाटते. तुम्ही पाइप लावलात तेव्हा तो दिवा धरून उभा होता आणि डोळे फाडून बघत होता. तुम्ही झटका दिलात तसा त्याचाही खांदा हलला. जोर म्हणजेच कसब, हे त्या दिवशी तो शिकला. आयटीआयला जाऊन आला तरी हे त्याच्या हातातून सहजी जाणार नाही.

या जोरावर उपाय आहे टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरल्या टॉर्कपर्यंतच आवळायला मदत करणारा पाना. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनरॅड बार नावाच्या माणसाने जमिनीखालच्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून तो काढला. म्हणजे तुमचा हा झटका तिकडेही होता, आणि त्याला उपाय शोधून शंभराच्या आसपास वर्षं झाली. तो तुम्ही आता घ्या. काही हजारांत येतो. माझ्या गाडीत तुम्ही दोनदा भरलेल्या गॅसच्या पैशांतून त्यातला बराच भाग निघाला असता. पण चाकांच्या बोल्टांचा मोठा रेंच घेऊ नका. खालच्या आकड्यांवर त्याचा भरवसा नसतो. ५ ते २५ न्यूटन मीटरचा लहान घ्या. बोल्ट आधी बोटांनी बसवा, म्हणजे आटे चढणार नाहीत. नळीचे नट आवळताना दोन पाने वापरा, एक धरायला आणि एक फिरवायला. नाहीतर ॲल्युमिनियमची नळीच पिळली जाते. क्लिक आवाज आला की थांबा. थांबणं तुम्हाला जड जाईल, तरी थांबा. काम झालं की रेंच खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याची आतली स्प्रिंग टिकते. आणि पहिला बोल्ट त्या पोऱ्याला आवळू द्या.

नव्या नळीचे आणि आटे भरून घेतल्याचे पैसे मी तुमच्याकडे मागत नाही. मागतो ते वेगळं आहे. या उन्हाळ्यात तुम्ही एसीसाठी ज्या ज्या गाड्या खोलल्यात, त्यांची नावं तुमच्या वहीत आहेत. गॅसचे पैसे लिहिताना मी ती वही बघितली आहे. माझ्या खाली एक नरसीची गाडी होती, तिच्या खाली औंढ्याची टॅक्सी. त्या सगळ्यांना फोन करा. गाड्या बोलावून घ्या, जोडांवरची तेलकट धूळ पुसा, साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात का बघा. जिथे कान वाकलाय तिथे तसं सांगा, रिंग स्वतःच्या खर्चाने बदला आणि कॉम्प्रेसरचे मोठे बोल्ट रेंचने तपासा. औंढ्याची टॅक्सी आधी बोलवा, ती रोज भाड्याने धावते आणि तिच्यात कुणाकुणाची आई बसत असेल.

आपला,
हिंगोलीचं एक गिऱ्हाईक