साडेतीन टक्क्यांचे काका

युरोपच्या प्रत्येक टूरमध्ये एक काका असे असतात की ज्यांचं आल्प्सवर विशेष काही म्हणणं नसतं, पण विनिमयदरावर भरपूर असतं. वय पासष्टच्या आसपास. नोकरी हिशेबाची, निवृत्ती सन्मानाने, मुलगा न्यू जर्सीत. गळ्यात पासपोर्टची पिशवी, शर्टाच्या आत कमरेला दुसरी पिशवी, आणि दोन्हींत वाटून ठेवलेली कार्डं. एक क्रेडिट, एक डेबिट, एक फॉरेक्स आणि एक ‘असू दे जवळ’ म्हणून घेतलेलं. आमच्या टूरमधले काका ठाण्याचे होते, लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नाव सांगत नाही. तुमच्या टूरमधल्या काकांचं नाव वेगळं असेल, तेवढं घालून वाचा.

आपलं साधं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक बहुधा साडेतीन टक्के मार्कअप लावते, आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभर युरोच्या बिलामागे चार युरो तेरा सेंट आपले वरचे गेले. हा हिशेब माझा नव्हे. झुरिक विमानतळावरून बस निघाली आणि पहिला बोगदा यायच्या आत काकांनी तो माईकवरून आम्हाला समजावला होता. टूर मॅनेजरने माईक दिला होता तो खरं तर स्वतःची ओळख करून देण्यासाठी. पण एका अर्थी ती ओळखच झाली. त्या दिवसापासून ते साडेतीन टक्क्यांचे काका.

तयारी ठाण्यातच झालेली असते. पूर्वी बँकेत जाऊन ‘आम्ही परदेशी निघालोय, नोंद करून घ्या’ असं साहेबांना सांगून येण्याची पद्धत होती. काका तसे गेले, तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, “सर, ॲपमधून इंटरनॅशनल ऑन करून घ्या.” २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. नवं कार्ड हातात येतं ते फक्त देशातल्या वापरापुरतं. बाहेर चालवायचं तर ती सोय ग्राहकाने आपल्या हाताने सुरू करायची आणि मर्यादाही आपणच ठरवायची. नियम शहाणपणाचा आहे, फक्त पुष्कळ लोकांना तो स्वित्झर्लंडच्या दुकानात उभं राहिल्यावर कळतो. काकांना आधीच ठाऊक होता, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच. ज्याला बटण कुठे आहे ते कळलं, तो ते एकदा दाबून स्वस्थ बसत नाही. काका रोज रात्री आंतरराष्ट्रीय वापर बंद करून झोपत आणि सकाळी गिझरसारखा चालू करत. “आपण झोपतो, चोर झोपत नाही,” हे वर.

ल्युसर्नला एका सकाळी बस लवकर निघाली आणि गिझर चालू करायचा राहिला. काकूंनी नातवासाठी गाईच्या गळ्यातली छोटी घंटा पसंत केली, काकांनी कार्ड पुढे केलं, मशीनने नकार दिला. काका हसले. कारण त्यांना माहीत होतं. त्यांनी फोन काढला, तर ॲपला इंटरनेट हवं. दुकानाच्या वायफायला नंबर हवा, म्हणजे मेसेजने कोड येणार. तोही सोपस्कार झाला, कारण फोनमध्ये प्रवासाचं नवं सिम होतं. मग ॲप उघडलं आणि म्हणालं, बँकेत नोंदवलेलं सिम या फोनमध्ये नाही. ते सिम होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत होतं. बाटली सुटकेसमध्ये, सुटकेस हॉटेलात, आणि हॉटेल डोंगराच्या पलीकडे. सुरक्षिततेची अशी अभेद्य साखळी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. चोराचं जाऊ द्या, खुद्द मालकाला आत शिरता येत नव्हतं.

घंटेचे पैसे आमच्यातल्या एका नवविवाहित जोडप्याने दिले. काकांनी ते त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर परत केले, मार्कअप आणि जीएसटीसकट. तो मुलगा नको नको म्हणत होता. काका म्हणाले, “तुझा प्रश्न नाही, नोंदीचा प्रश्न आहे.”

पिन हे वेगळं प्रकरण. सगळ्या कार्डांना एकच पिन ठेवणं काकांच्या तत्त्वात बसत नाही आणि सगळे पिन डोक्यात ठेवणं आता वयात बसत नाही. म्हणून त्यांनी ते डायरीत फोन नंबरांच्या वेषात लपवले होते. ‘मिरजेची मावशी’, ‘वाईची आत्या’, ‘गॅसवाला’. प्रत्येक नंबराचे शेवटचे चार आकडे म्हणजे पिन. कल्पना उत्तम होती. अडचण एवढीच की कोणतं कार्ड मावशीचं आणि कोणतं आत्याचं हे लिहून ठेवणं असुरक्षित होतं, सबब लिहिलं नव्हतं. बहुतेक बँका तीनदा चुकीच्या पिननंतर कार्ड बंद करतात. इंटरलाकेनच्या एटीएमसमोर काका डोळे मिटून उभे आणि मागून काकू, “अहो, आत्या करून बघा आधी,” हे दृश्य मागच्या जपानी पाहुण्यांना बहुधा कुलदेवतेचं आवाहन वाटलं असावं.

फॉरेक्स कार्डात त्यांनी फ्रँक, युरो आणि पौंड असे तिन्ही कप्पे भरून आणले होते. या कार्डाला मार्कअप नसतो, पण एक मेख आहे. फ्रँकचा कप्पा अपुरा पडला की मशीन युरोच्या कप्प्यातून पैसे घेतं आणि त्या अदलाबदलीचा आकार वेगळा कापतं. शिवाय उरलेले फ्रँक घरी नेऊन मोडायचे तर तिथेही घट आहेच. म्हणून स्वित्झर्लंडच्या शेवटच्या थांब्यावर काका शिल्लक बरोबर शून्य करण्याच्या मागे लागले. आधी मोठी चॉकलेटं, मग मधली, मग काउंटरजवळची एकेक सुटी. काकांना मधुमेह आहे. शेवटी पस्तीस सेंटीम उरले आणि तेवढ्यात येईल अशी वस्तू त्या देशात नव्हती. ते पस्तीस सेंटीम अजून कार्डावर आहेत आणि काका त्यांना विसरलेले नाहीत.

आता त्यांच्या मोठेपणाचा प्रसंग सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पॅरिसच्या दुकानात कार्ड लावलं की मशीनच्या पडद्यावर कधी कधी दोन रकमा येतात. एक युरोत, एक रुपयांत. परक्या मुलखात आपला रुपया दिसला की माणूस विरघळतो, बोट आपोआप तिकडे जातं. तिथेच फसगत असते. रुपयांचा तो दर आपल्या बँकेचा नसतो. तो दुकानदाराच्या बाजूच्या यंत्रणेने आपला नफा मिळवून लावलेला असतो. त्यावर पुन्हा, दुकान परदेशातलं म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका आपला आकार लावतात तो लावतातच. दुकानातली मुलगी तर पाहुण्याची सोय म्हणून स्वतःच रुपयांचं बटण दाबायच्या बेतात होती. काका दुकानाच्या दुसऱ्या टोकाला अत्तराच्या बाटल्यांमागे होते. तिथून ते ओरडले, “नो रुपीज! नो रुपीज! युरो, युरो!” मुलगी दचकली, सुरक्षारक्षक दोन पावलं पुढे आला. पण त्या एका आरोळीने बसमधल्या प्रत्येक कुटुंबाचे पैसे वाचले. त्यानंतर आमचे लोक कुठेही कार्ड देताना आधी “युरो, युरो” म्हणत, दुकानदाराने काही विचारलेलं नसलं तरी. काकांना आम्ही दिवसभर हसलो असू, पण बटण त्यांच्याच सांगण्यावरून दाबलं.

आयफेल टॉवरवर मात्र त्यांची निराशा झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत आपलं यूपीआय तिथे सुरू झालं, भारतातून तिकीट काढणाऱ्याला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देता येतात, ही बातमी काकांनी कात्रण करून आणली होती. तिथे यूपीआयने तिकीट काढायचं आणि फोटो ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाला पाठवायचा असं ठरलेलं. टूर कंपनीने तिकिटं आधीच काढून ठेवली होती. फुकटात वर जाणारा इतका खिन्न माणूस त्या लिफ्टने क्वचितच पाहिला असेल. खाली उतरल्यावर त्यांनी क्रेपच्या गाडीवाल्याला फोन दाखवून “यूपीआय?” असं विचारून पाहिलं. त्याने तो शब्द कुठल्या तरी फळाचं नाव समजून मान हलवली.

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. बस असो वा भुयारी रेल्वे, कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं आणि जायचं. पण माणशी कार्ड वेगळं लागतं. काकांनी आत जाऊन तेच कार्ड फाटकावरून काकूंकडे दिलं तेव्हा फाटक काकूंना ओळखेना. हे मिटलं. खरी गंमत पुढे. काका क्रेडिट कार्ड टेकवून आत गेले होते. गाडी चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की फॉरेक्समध्ये पौंड पडून आहेत, मग मार्कअप कशाला द्या? म्हणून बाहेर पडताना त्यांनी फॉरेक्स कार्ड टेकवलं. यंत्रणेच्या लेखी एक माणूस जमिनीखाली गेला तो वर आलाच नाही, आणि दुसरा एक कधीही आत न जाता बाहेर आला. तिने दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लावलं. आम्हाला वाटलं आता काका भांडणार. काकांनी तो हिशेब दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बरोबर आहे. दोन्ही नोंदी अपूर्ण आहेत. मी असतो तर हाच आक्षेप काढला असता.” अख्ख्या प्रवासात टेम्स, बिग बेन, राजवाडा यांपैकी कशाविषयी त्यांच्या तोंडून इतक्या आदराचे शब्द निघाले नाहीत.

टूर संपल्यावर काका-काकू तिथूनच मुलाकडे अमेरिकेला गेले. पुढचा भाग काकूंनी फोनवर सांगितला. न्यू जर्सीत गाडीत पेट्रोल स्वतः भरायला १९४९ पासून कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे तिथे काका वाचले. पेन्सिल्वेनियाची हद्द ओलांडली आणि सापडले. पंपाने कार्ड घेऊन पत्त्याचा पाच आकडी कोड मागितला. ठाण्याचा पिनकोड सहा आकडी. काकांनी आधी पहिले पाच आकडे दाबले, मग शेवटचे पाच. मुलगा सांगत होता की आत जाऊन कॅशियरकडे कार्ड दे, आपली कार्डं तिथेच चालतात. पण काकांना आधी सिद्ध करायचं होतं की ठाणे आहे.

मग हॉटेलातलं जेवण. वेटरने बिलाच्या पाकिटात ठेवलेलं कार्ड उचललं आणि तो चालू लागला. ना ओटीपी, ना पिन, कार्ड डोळ्यांआड. आयुष्यभर ‘कार्ड कोणाच्याही हाती देऊ नका’ हा मेसेज दुसऱ्यांना पाठवणारा माणूस हे कसं सहन करणार? काका त्याच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. कार्ड परत आलं, कागदावर टिप लिहून सही झाली, आणि बँकेचा मेसेज आला तो टिपेशिवायच्या रकमेचा. टिप नंतर चढते, अंतिम रक्कम पुढे काही दिवसांनी येते. ते काही दिवस काका रोज सकाळी चहाआधी स्टेटमेंट उघडत. “मुलाच्या घरी आलोत की तपासणीला?” असं सूनबाईंनी विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

पुढच्या वर्षी आमच्या गटाचं जपानचं घाटत आहे. तिथे छोट्या खानावळींत आणि देवळांत अजून रोखीचं चालतं, आणि परदेशी कार्डाला पैसे देणारी एटीएम किराणा मालाच्या सेव्हन-इलेव्हन दुकानांतून असतात, हे काकांनी ग्रुपवर कळवूनही झालं. तुम्ही येणार असाल तर जरूर या. कार्डाबद्दल काका सांगतील ते मुकाट्याने ऐका, ते बरोबरच असतं. फक्त एटीएमच्या रांगेत त्यांच्या पुढे उभे राहा.