साहेब, दुसऱ्याच्या खात्यात तुमचा नंबर कसा?

काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर

माननीय साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि ते हुडकून काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण तुमची ओळख पटण्यापुरता तपशील जगाने वाचला आहे. जून 2022 मध्ये 'वायर्ड' मासिकात बातमी आली. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी रोना विल्सन, वरवरा राव आणि हनी बाबू या तिघांची ईमेल खाती 2018 आणि 2019 मध्ये कुणीतरी फोडली होती. पासवर्ड हरवला तर खातं परत मिळावं म्हणून आपण जो पर्यायी ईमेल आणि मोबाइल नंबर देतो, तिथे भलत्याचेच तपशील भरले होते. त्या ईमेल पत्त्यात पुण्यातल्या एका पोलीस अधिकाऱ्याचं पूर्ण नाव होतं. नंबरही त्याच अधिकाऱ्यापर्यंत पोचत होता आणि त्या नंबरच्या व्हॉट्सॲपवर फोटोही त्याचाच होता. हे शोधलं सेंटिनेलवन कंपनीच्या संशोधकांनी आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबने, ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीतल्या एका तज्ज्ञाच्या मदतीने. मासिकाने पुणे पोलिसांना विचारलं, त्या अधिकाऱ्यालाही विचारलं. उत्तर आलं नाही.

साहेब, आरोपीच्या खात्याची किल्ली तपास करणाऱ्याच्या खिशात कशी आली? तुमचं नाव दुसऱ्या कुणी वापरलं असेल, तर तुम्ही स्वतः फिर्यादी व्हायला हवं. फिर्याद कशी लिहायची हे आम्ही तुम्हाला सांगावं, असं काही नाही. आणि ते तपशील तुम्हीच भरले असतील, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 43 आणि 66 तुम्हाला पाठ असतील. परवानगीशिवाय, लबाडीने दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा गुन्हा आहे. अंगावर खाकी असली म्हणून त्या कलमांची अक्षरं बदलत नाहीत.

कुणी म्हणेल, खातं उघडून पाहिलं, त्यात एवढं काय? एवढं काय ते त्याच प्रकरणात दिसतं. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने विल्सन यांच्या लॅपटॉपच्या डिस्कची प्रत तपासली. तिचा पहिला अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आला. त्यानुसार 13 जून 2016 रोजी वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली फाइल विल्सन यांनी उघडली आणि नेटवायर नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरलं. पुढचे 22 महिने कुणीतरी त्या यंत्रात वावरत होतं आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पुढे पुरावा ठरलेली पत्रं आणून ठेवत होतं. त्या पत्रांवर वर्डच्या ज्या आवृत्तीची खूण होती, ती आवृत्ती त्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच. याच प्रकरणातले आरोपी, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही असाच अहवाल आला. आणखी एक आरोपी फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबद्दलचा अहवाल डिसेंबर 2022 चा. पोलिसांनी त्यांचा संगणक 12 जून 2019 रोजी जप्त केला. आदल्याच दिवशी, 11 जूनला, आत शिरलेल्याने आपल्या खुणा पुसायला घेतल्या होत्या. जप्ती उद्या होणार हे त्याला आज कोणी सांगितलं? हा प्रश्न विचारायला फादर हयात नाहीत. 84 वर्षांचे, कोठडीतच, 5 जुलै 2021 रोजी मुंबईच्या रुग्णालयात ते गेले.

राष्ट्रीय तपास यंत्रणेला आर्सेनलचे निष्कर्ष मान्य नाहीत आणि अंतिम निकाल न्यायालयाचाच राहील. मी त्या आरोपींच्या विचारांची वकिली करत नाही. मला सलतं ते एवढंच: चोरपावलांनी यंत्रात शिरता येतं, तेव्हा नुसतं पाहता येत नाही, ठेवताही येतं. जप्तीच्या वेळी पंच हजर असतात, मुद्देमालाला सील लागतं, डिस्कची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवली जाते, ते यासाठीच, की नंतर कुणी म्हणू नये हे तिथे मागाहून आलं. पंचनाम्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधीच कुणी आत बसलेलं असेल, तर सील नेमकं कशाला लावायचं?

ही खोड एकट्या पुण्याची नाही. ओळख लपवून इंटरनेट वापरता यावं म्हणून टॉर नावाचा ब्राउझर आहे. तो फायरफॉक्सवर बांधलेला आहे. 2013 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने फ्रीडम होस्टिंग या सेवेचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि तिथल्या पानांमध्ये एक छोटा प्रोग्राम लपवला. पान उघडलं, की तो फायरफॉक्समधल्या त्रुटीतून आत शिरायचा आणि त्या संगणकाचा खरा पत्ता व्हर्जिनियातल्या सर्व्हरला कळवायचा. त्या सर्व्हरांवर लहान मुलांच्या शोषणाची चित्रं पसरवणारे होते, तशीच टॉरमेल ही साधी ईमेल सेवाही होती. पत्र वाचायला आलेला माणूस आणि नराधम, दोघांना एकच जाळं. 2015 मध्ये तीच रीत आणखी मोठी झाली. प्लेपेन नावाचं असंच घाणेरडं संकेतस्थळ एफबीआयने ताब्यात घेतलं, जवळजवळ दोन आठवडे स्वतः चालवलं आणि एका दंडाधिकाऱ्याच्या एका वॉरंटवर 120 देशांतल्या 8,000हून अधिक संगणकांत शिरकाव केला.

मुलांचं शोषण करणाऱ्याला पकडलंच पाहिजे. त्यावर माझं दुमत नाही, कुणाचंच नसावं. म्हणूनच पुढचं ऐका. प्लेपेन प्रकरणातल्याच, वॉशिंग्टन राज्यातल्या एका आरोपीच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलं, की आत कसे शिरलात ते बचाव पक्षाला दाखवा. सरकारने मार्च 2017 मध्ये खटला मागे घेतला, पण त्रुटी उघड केली नाही. भगदाड जपायला आरोपी सोडला! त्याआधी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने न्यायालयात विनवलं होतं, की ही त्रुटी आमची असेल तर आधी आम्हाला सांगा, कोट्यवधी लोक हा ब्राउझर वापरतात. ऐकलं गेलं नाही. आणि नोव्हेंबर 2016 मध्ये टॉरवर नवा हल्ला झाला, तेव्हा संशोधकांना त्यातला कोड 2013च्या एफबीआयच्या कोडसारखाच दिसला. पोलिसांनी घडवलेलं हत्यार त्यांच्या कपाटात कुलूपबंद राहत नाही.

हे सगळं तिकडचं, काष्टीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध सांगतो. सरकारने लपवून ठेवलेली त्रुटी सरकारच्याच हातून निसटते. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने विंडोजमधली एक त्रुटी अशीच वर्षानुवर्षं दडवली होती. ती चोरांच्या हाती लागली आणि एप्रिल 2017 मध्ये उघड झाली. मे महिन्यात त्याच त्रुटीतून पसरणाऱ्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांचं काम विस्कळीत केलं. 27 जूनला तीच त्रुटी वापरणारा नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. आमच्या भागातला शेतमाल परदेशी निघतो तो याच बंदराच्या वाटेने. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याने एनएसएचं नावही ऐकलेलं नसतं, पण तिथल्या एका अधिकाऱ्याने ड्रॉवरमध्ये काय दडवलं, यावर त्याच्या कंटेनरची वाट अडू शकते.

दुसरा संबंध याहून जवळचा. काष्टीत शनिवारी बाजार भरतो. जनावरांच्या बाजारातली जुनी रीत तुम्ही पाहिली असेल. हेडी आणि शेतकरी उपरण्याखाली हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि भोवती गर्दी असूनही आकडा त्या दोघांतच राहतो. उपरण्याखाली चोरीच चालली आहे, असं कुणी म्हणत नाही. गरजू शेतकऱ्याची अडचण चारचौघांत उघडी पडू नये, म्हणून ते उपरणं असतं.

आडोशाची गरज भावापुरती नसते. भीमा आणि घोडच्या पात्रातून रात्री वाळू उपसली जाते तेव्हा तहसीलला निनावी अर्ज जातात. ते लिहिणारे भित्रे नसतात. त्यांना त्याच रस्त्याने शेतावर जायचं असतं, त्यांची पोरं त्याच एसटीने कॉलेजला जातात. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून महाराष्ट्रातली माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. नाव उघड ठेवून माहिती मागणारे तळेगावचे सतीश शेट्टी 13 जानेवारी 2010च्या सकाळी फिरायला गेले आणि मारले गेले. नाव लपवणं हा ज्यांचा एकमेव आसरा, त्यांचं नाव उघडं पाडायचं यंत्र आज तुमच्या हाती असेल. उद्या ते वाळूवाल्याच्या ओळखीच्या हवालदारापर्यंत पोचणार नाही, याची हमी तुम्ही देता का?

कायद्याने तुमचे हात बांधलेले नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली राज्याच्या गृह सचिवांचा लेखी आदेश घेऊन संगणकावरची माहिती पाहता येते. 2009चे नियम त्यासाठीच आहेत. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राने दहा यंत्रणांना ही मुभा नावानिशी दिली. एप्रिल 2022च्या केंद्राच्या आदेशाने, इंटरनेटवर आडोसा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायची आहे. एवढी दारं कायद्याने उघडून दिली असताना खिडकीतून उडी मारणाऱ्याला एकच गोष्ट टाळायची असते: आदेशावरची सही. कारण सही असली की जबाबदारी येते. आणि कुठल्याही सहीने दुसऱ्याच्या खात्यात आपला नंबर टाकायची परवानगी मिळत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. तो पुण्याच्या प्राध्यापकाला आहे, तसाच काष्टीच्या दूध घालणाऱ्या पोराला आहे.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. पोलिसांना यंत्रात शिरायचं असेल, तर एका माणसासाठी, एका यंत्रासाठी, मुदतीचा आदेश न्यायाधीशाकडून घ्यावा. गृह विभागाची सही त्याला पुरेशी नाही. आत शिरल्यावर काय काय केलं याची नोंद पहिल्या मिनिटापासून ठेवावी आणि ती आरोपीच्या वकिलाला मिळावी. सापडलेली त्रुटी ठरलेल्या मुदतीत बनवणाऱ्या कंपनीला कळवावी, म्हणजे आमच्या फोनमधलं भगदाड बुजेल. आणि ज्या पुराव्याच्या यंत्रात आधीच कुणी शिरलं होतं, त्याची स्वतंत्र तपासणी न्यायालयाच्या देखरेखीखाली व्हावी.

तुमच्यासाठी मागणं एकच. शपथेवर उभे राहा आणि सांगा, की त्या तीन खात्यांत तो ईमेल आणि तो नंबर कोणी भरला, कुणाच्या हुकमाने भरला. तुम्ही निर्दोष असाल तर तुमच्या नावावरचा डाग पुसायचा तोच मार्ग आहे. नसाल, तर आजवर तुम्ही ज्यांना पिंजऱ्यात उभं केलंत, त्यांना लागू झालेला कायदा तुम्हालाही लागू झाला पाहिजे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
काष्टीतला एक नागरिक