निघायचं का मंग?

पोहोचायच्या आधीच परतीची काळजी लागलेला एक माणूस तुमच्याही घरात असणार. लग्नात अक्षता पडायच्या आत तो दोनदा जाऊन आपल्या चपला बघून येतो आणि तिसऱ्यांदा त्यांची तोंडं फाटकाकडे करून ठेवतो. सिनेमात हिरो शेवटच्या मारामारीसाठी बाह्या सरसावत असतो, तेव्हा हा खुर्चीतून उठलेला असतो. कुणाकडे बसायला गेला तर सोफ्याच्या काठावर बसतो, गाडीची किल्ली हातातच ठेवतो आणि चहा बशीत ओतून पितो, कारण कपातला निवायला वेळ लागतो. आमच्याकडे हा माणूस साडू म्हणून आला. बायको बघून करता येते. साडू मात्र तिच्यासोबत जसा येईल तसा पदरात घ्यावा लागतो.

त्यातून आम्ही दोघंही उमरखेडचे, म्हणजे सुटका नाही. साडूभाऊंचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. दुकानात घाई औषधालाही सापडायची नाही. बोंडअळीचं विचारायला शेतकरी आला तर त्याला अर्धा तास बसवून घेतील, त्याच्या बापाची चौकशी करतील, आजोबांची करतील. घाईचं वारं अंगात शिरतं ते शटर खाली ओढून बायको आणि दोन पोरी गाडीत बसल्या की. थोरली तिसरीत, धाकटी बालवाडीत. आम्हाला दोन मुलगे. ते कसे आहेत हे आमच्या शेजाऱ्यांना विचारा.

आमच्याकडे फिरायचं ते हिवाळ्यातच. उन्हाळ्यात दाराबाहेर पाय ठेवायची सोय नाही, पावसाळ्यात शेतीच्या कामातून डोकं वर निघत नाही. तेव्हा काय हौस करायची ती दिवाळीनंतर, तूर शेंगांनी वाकायला लागते तेव्हापासून संक्रांतीपर्यंत. पैनगंगा तालुक्याच्या कडेकडेने वळसे घेत जाते. अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. तिच्या अंगाअंगाने सहस्रकुंडचा धबधबा आहे, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत, माहूरगड आहे, वरच्या बाजूला इसापूरचं धरण आहे. सकाळी निघावं, रात्री घरी यावं, असा सगळा मामला. साडूभाऊंच्या हिशेबात मात्र सकाळी निघावं, दुपारी घरी यावं.

सहस्रकुंडला गेलो होतो. पावसाळ्यात तिथं शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. हिवाळ्यात पाणी उतरतं, खालचा काळा कातळ उघडा पडतो आणि धारा वेगवेगळ्या मोजता येतात. साडूभाऊंनी आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करत तिचं तोंड परतीच्या रस्त्याकडे केलं. हे ते सगळीकडे करतात. मग सतरंजी अंथरली. बायकांनी डबे काढले: वांग्याचं भरीत, भाकरी, तिळाची चटणी, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. पोरी पाण्याकडे बघत उभ्या होत्या. भरताच्या डब्याचं झाकण निघालं, वास सुटला, आणि साडूभाऊंनी मनगट वळवलं.

“निघायचं का मंग?”

मेहुणी न बघता म्हणाली, “आधी खा.” या संवादाला त्यांच्या संसाराइतकी वर्षं झाली असावीत.

माहूरला तीन डोंगर, तीन देवस्थानं: रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता. साडूभाऊंची दोन झाली की तिसऱ्याला पायथ्यावरूनच नमस्कार. “अनसूयेला खालूनच हात जोडू. माय आहे, समजून घेते. निघायचं का मंग?” उनकेश्वरला शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून गरम पाणी काढलं, अशी कथा आहे. पाण्याला गंधकाचा वास येतो, अंगाला लागतं म्हणतात. लोक लांबून येतात ते अंग शेकत निवांत बसायला. हे पाण्यात बोट घालून म्हणाले, “आहे खरं गरम,” आणि गाडीकडे चालू लागले, जसे काही खात्री करून घ्यायलाच आले होते.

इसापूरच्या जलाशयापाशी मला त्यांचा फारच राग आला होता. थंडीत तिथं बाहेरचे पक्षी उतरतात. नारिंगी अंगाचा चक्रवाक लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो आणि थंडी सरेपर्यंत हलत नाही. मी पोरींना त्यांची एक जोडी दाखवत होतो. थोरलीने विचारलं, “मावसाजी, हे घरी कधी जातात?” मी म्हटलं, मार्चच्या आसपास. तिने वडलांकडे असं काही बघितलं की मला हसू आवरेना. शेंबाळपिंपरीमार्गे तासाभराच्या वाटेने आलेला तिचा बाप तेवढ्यात काचेवरची धूळ पुसत होता.

निघायच्या आधी साडूभाऊ भिंतीवरचं कालनिर्णय बघतात. माणसं त्यात चतुर्थी बघतात, गॅस कधी लावला त्याची खूण करतात. हे सूर्यास्त बघतात. त्यातला सूर्यास्त मुंबईचा. उमरखेड मुंबईच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य वीसेक मिनिटं आधी बुडतो, ही वजाबाकी ते तोंडी करतात. आमच्या थोरल्याने एकदा शाळेतलं ज्ञान पाजळलं की 22 डिसेंबरला दिवस सगळ्यांत लहान असतो. साडूभाऊ म्हणाले, “दिवस लहान असंल बापा. पण सूर्य सगळ्यांत लवकर बुडतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. जानेवारीत जा, वीस-पंचवीस मिनिटं जास्त भेटतात.” हे खरं आहे, मी पडताळून पाहिलं आणि गप्प बसलो. या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, अशी मेहुणीची कायमची तक्रार.

एवढी घाई कशाला, असं विचारलं तर दर वेळी नवं कारण. कारखान्याचा हंगाम चालू आहे, उसाच्या ट्रॅक्टरला मागं दिवा नसतो. पैनगंगा अभयारण्यात अस्वलं आहेत. धुकं पडतं. स्टेपनीत हवा कमी आहे. पोरींना गारठा बाधतो. यातलं एकही खोटं नाही, हेच चीड आणणारं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात समोर अचानक उभ्या राहतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुपारी तीनला कसलं अस्वल?

आमच्या भागात खरं तर घाईची सवय कुणालाच नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. उमरखेड त्याच मार्गावर पुढे आहे आणि स्टेशनाची वाट बघत आहे. साडूभाऊंना रेल्वेमंत्री केलं असतं तर गाडी केव्हाच उमरखेडला येऊन परतसुद्धा गेली असती; प्रवासी तेवढे फलाटावर राहिले असते.

आणि इतका घायकुतीला आलेला माणूस वाटेत मात्र थांबतो! हे कोडं मला सुटत नव्हतं. सहस्रकुंडला जाताना ढाणकीत थांबलो. कुणाकडे, तर त्यांच्या आत्याच्या नणंदेच्या दिराकडे. त्या गृहस्थांनाही हे नातं नीट लागत नव्हतं. चहा झाला, पोहे झाले, पोरी आत गेल्या, बाहेर आल्या. धबधब्यासाठी पाऊण तास काढताना ज्याच्या जिवावर येतं तो माणूस अनोळखी लोकांच्या ओसरीवर सोयाबीनच्या भावावर आरामात बोलत बसलेला. परतताना पुन्हा तिथंच. माहूरच्या वाटेवर महागावात कुणी जुना गिऱ्हाईक. इसापूरच्या वाटेवर कुणा मास्तरचं घर. एका पेट्रोल पंपावर तर टाकी भरलेली असताना शंभराचं पेट्रोल घालायला थांबले, आणि मी गाडीतून उतरून बिडी नसताना बिडी ओढावी अशा अवस्थेला पोचलो. “तुम्हाला नेमकी घाई आहे की नाही?” मी विचारलं. ते म्हणाले, “पंपवाला ओळखीचा आहे.”

कोडं सोडवलं ते आमच्या घरातूनच. सहस्रकुंडहून आल्यावर बायकोने पिशवी रिकामी करताना पोरींच्या चुकून आमच्याकडे आलेल्या दोन बाटल्या ओट्यावर ठेवल्या. एक गुलाबी, एकीवर मांजराचं चित्र. दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या.

“भरून नेल्या होत्या, भरून आणल्या,” ती म्हणाली.

“तहान नसेल लागली. थंडीच आहे.”

“आपल्या पोट्ट्यांना लागली होती ना? दोन बाटल्या संपवल्या त्यांनी.” मग तिने माझ्याकडे न बघता नळ सोडला. “सकाळपासून मी तरी कुठं पाणी प्यायलेय? तुमच्या ध्यानात आलं का?”

आमचे चिरंजीव त्या दिवशी वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक पळसाला पाणी घालून आले होते. पोरींना पळस नाही. पाणी पिऊ नका असं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. घराबाहेर पडलं की आई पीत नाही, मावशी पीत नाही, म्हणून त्या पीत नाहीत. तिसरीतली पोरगी ते शहाण्या बाईसारखं निभावून नेते. बालवाडीतलीला जमत नाही. ती दुपारी केव्हा तरी खेळायचं थांबते, एका पायावर दुसरा पाय घासत उभी राहते आणि कुणाशीच बोलत नाही. ती तशी उभी राहिली की साडूभाऊंचं मनगट वळतं. बायकोने हे सगळं भांडी विसळता विसळता सांगितलं. तिला ते पहिल्या सहलीपासून माहीत होतं.

ढाणकीचं ते नातं आत्याच्या नणंदेकडून नव्हतं, बाथरूमकडून होतं. महागावच्या गिऱ्हाइकाकडे आतून कडी लागत होती. मास्तरांकडे बादलीत पाणी असायचं. पंपावरची खोली स्वच्छ होती, पण किल्ली मागावी लागायची आणि फुकट मागायला यांना लाज वाटायची, म्हणून शंभराचं पेट्रोल. उमरखेडपासून चारही दिशांना अशा दारांचा नकाशा या माणसाने डोक्यात तयार केला होता. त्याच्यावर आम्ही हसत होतो, टाळ्या देत होतो.

फिरायला जायच्या ठिकाणांचं म्हणाल तर नाव कुणाचं घ्यायचं नाही, सगळीकडे कारभार सारखाच. आधी कमान उभी राहते. कमानीवर नेत्यांचे फोटो. मग रंगीत फरशी, मग त्या जागेवर आपलं प्रेम असल्याचं जाहीर करणारी माणसाएवढी अक्षरं, सेल्फीसाठी. शौचालयही असतं, त्याचं उद्घाटन झालेलं असतं, फोटो पेपरात आलेला असतो आणि त्याला कुलूप असतं. किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. मुंबईतल्या बायकांनी 2011 पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली, मोर्चे काढले, महापालिकेत खेटे घातले. उमरखेडला साडूभाऊंनी एकट्याने घड्याळ चालवलं. चळवळ हा शब्द त्यांच्यासमोर काढला तर ते म्हणतील की दुकान कोण सांभाळणार.

मी हे त्यांच्यापाशी काढलंच नाही. काढलं असतं तरी त्यांनी अस्वलाचा विषय पुढे केला असता. आमच्याकडच्या बापाला पोरीला बोरन्हाण घालता येतं, शाळेच्या गॅदरिंगला तिच्या केसांत गजरा माळता येतो, मोबाइलवर बघून वेणीसुद्धा घालता येते. “माझ्या पोरीला जायचंय, कुठं जाऊ?” हे चार लोकांत मोठ्याने म्हणता येत नाही. त्यापेक्षा घायकुत्या म्हणून नाव झालेलं परवडतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या शेतात बांधकाम काढलं. गावभर चर्चा. शेतात माणूस गोठा बांधतो, मोटारीसाठी खोली बांधतो. यांनी लिंबाच्या झाडाजवळ विटांची चार बाय पाचाची एक खोली, वर पत्रा, शेजारी पाण्याची टाकी आणि हिरवा लोखंडी दरवाजा. शेजारचा शेतकरी येऊन बघून गेला आणि म्हणाला, “बापू, पहिले खळं तरी नीट करायचं.” साडूभाऊ म्हणाले, “चौकीदार ठेवायचा आहे. त्याच्यासाठी.”

जानेवारीत तिथं हुरडा केला. आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या धगीत गूळभेंडीची कणसं भाजली, आणि मेहुणी, आमची बायको, त्यांच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या सासवा असा अर्धा मोहल्ला जमला. हुरड्याने घसा कोरडा पडतो. बायका तांब्याने पाणी पीत होत्या, हसत होत्या, पुन्हा पीत होत्या. धाकटी मांजराची बाटली तोंडाला लावून पळत होती. एक म्हातारी त्या हिरव्या दारातून बाहेर येत साडूभाऊंना म्हणाली, “लेका, दर वर्षी करत जाय हुरडा.” ते कणीस चोळत बसले होते, घड्याळ होतं की नाही ते मला दिसलं नाही, स्वेटरची बाही खाली होती.

हात धुवायला गेलो तेव्हा मी तो दरवाजा जवळून पाहिला. आतली कडी नेहमीच्या उंचीवर नाही. माझ्या मांडीच्याही खाली, वाकल्याशिवाय हात पोचत नाही अशी बसवली आहे. वेल्डिंगवाल्याने चूक केली का, असं मी विचारलं. साडूभाऊ म्हणाले, नाही, चौकीदाराच्या हिशेबाने लावली.

तेवढ्या उंचीचा चौकीदार अजून मिळालेला नाही. शोध चालू आहे म्हणतात.